सहाशे चौरस फुटांची खोली

करोनाच्या पहिल्या वर्षात महाराष्ट्रात काय कधी उघडलं, याच्या तारखा ओळीनं मांडून पाहाव्यात. मोठ्या शहरांतली दुकानं ५ जून २०२० पासून उघडायला लागली. रस्त्याच्या एका बाजूची एक दिवस, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी. मॉल ५ ऑगस्टला उघडले. हॉटेलं आणि बार ५ ऑक्टोबरला निम्म्या क्षमतेनं सुरू झाले, ग्रंथालयं १५ ऑक्टोबरला. व्यापाऱ्यांनी व्यापाऱ्यांसाठी भरवायच्या मालाच्या प्रदर्शनांनाही केंद्रानं त्याच १५ ऑक्टोबरपासून वाट मोकळी केली. चित्रपटगृहं ५ नोव्हेंबरला उघडली. संग्रहालयं आणि कलादालनं यांच्यासाठी केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या सूचना आल्या त्या १० नोव्हेंबरपासून लागू होतील अशा, आणि अजिंठा-वेरूळ पर्यटकांसाठी खुलं झालं ते थेट १० डिसेंबरला. म्हणजे चित्राला चौकट बसवून देणाऱ्या फ्रेमवाल्याच्या दुकानात जूनमध्ये जाता येत होतं, पण चौकट बसलेलं तेच चित्र सार्वजनिक दालनाच्या भिंतीवर टांगून चार माणसांना दाखवायचं, तर आणखी पाच महिने थांबणं भाग होतं. हा क्रम कुणी वैरभावानं लावला नव्हता. चित्रं पाहण्याची जागा म्हणजे नेमकी कसली जागा, हा प्रश्नच त्या धामधुमीत कुणाच्या डोक्यात आला नाही, म्हणून तो तसा लागला. पण प्रश्न पडला नाही म्हणून नुकसान कमी झालं, असं होत नाही.

लहान कलादालन ही साथीच्या काळात सर्वांत आधी आणि सर्वांत कमी धोक्यानं उघडता येणाऱ्या बंदिस्त जागांपैकी एक आहे. तिला सिनेमागृह, मॉल, जत्रा यांच्या पंगतीला बसवणं चूक होतं. या चुकीची किंमत मोठ्या शहरांतल्या नामवंत चित्रकारांपेक्षा ओझरसारख्या गावांतल्या, अजून नाव न झालेल्या चित्रकारांनी जास्त मोजली. हे माझं म्हणणं आहे आणि त्याला पुरावे आहेत. त्याच्या विरोधात बोलण्यासारखंही पुष्कळ आहे, तेही पुढे येईल.

ओझर का, ते आधी सांगायला हवं. नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गानं वीसेक किलोमीटर गेलं की निफाड तालुक्यातलं हे गाव लागतं. १९६०च्या दशकात इथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आला, मिग विमानं बनू लागली, आणि गावाच्या नावाला ‘मिग’ हे उपपद कायमचं चिकटलं. एका बाजूला बाणगंगेच्या काठचं जुनं गाव, दुसऱ्या बाजूला आखीव रस्त्यांची टाऊनशिप, भोवती द्राक्षबागा, नाशिकचा विमानतळही इथेच. हे खेडं नाही आणि शहरही नाही. महाराष्ट्रात अशी गावं शेकड्यानं आहेत. त्यांत पैसा आहे, शाळा आहेत, हाताला चित्रकलेचं वळण असलेली माणसं आहेत. शाळेतले कलाशिक्षक, तासिका तत्त्वावर राबणारे तरुण, दुकानांच्या पाट्या रंगवणारे, गणपतीच्या मांडवातला मागचा पडदा रंगवून देणारे, कारखान्यातली पाळी संपवून संध्याकाळी जलरंग घेऊन बसणारे कामगार, नाशिकच्या कला महाविद्यालयांत रोज ये-जा करणारी मुलं. गोदाघाट आयुष्यभर रंगवत राहिलेल्या शिवाजी तुपे यांच्या जिल्ह्यात अशांची वानवा असण्याचं कारण नाही. वानवा आहे ती भिंतीची. अशा गावातल्या चित्रकाराला आपलं काम लोकांपुढे मांडायचं तर नाशिकला कुसुमाग्रज स्मारकासारख्या ठिकाणचं दालन मिळवायचं, नाहीतर मुंबईच्या जहांगीर कलादालनासाठी अर्ज करून वर्षानुवर्षं पाळीची वाट पाहायची.

साथीनं या माणसांच्या कमाईच्या आणि ओळखीच्या सगळ्या वाटा एकदम बंद केल्या. शाळा बंद म्हणजे तासिका बंद. २०२०च्या गणेशोत्सवात सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत आणि घरगुती दोन फुटांपर्यंतच असावी असं शासनानं ठरवलं, मांडव साधे झाले, देखावे गेले, त्यांबरोबर रंगकामही गेलं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय ग्रेड परीक्षा दर वर्षी गावोगावच्या हजारो मुलांच्या हाती ब्रश देतात, त्या त्या वर्षी झाल्याच नाहीत. आणि याच महिन्यांत गावोगावी चौकांतल्या डांबरी रस्त्यांवर काटेरी विषाणूची आणि ‘घरीच राहा’ची भलीमोठी चित्रं उन्हातान्हात काढली जात होती. ती काढणारे हेच कलाशिक्षक आणि हेच पेंटर. लोकांना सावध करायला चित्राइतकं जलद काही पोहोचत नाही, हे प्रशासनाला पक्कं ठाऊक होतं. मग त्या हातांची स्वतःची चित्रं कुठे आणि केव्हा दिसू शकतील, याचा विचार त्याच वेळी व्हायला हरकत नव्हती.

आता खोलीकडे येऊ. वीस फूट रुंद आणि तीस फूट लांब अशी खोली धरा. सहाशे चौरस फूट. भिंतींची एकूण लांबी शंभर फूट, त्यातून दारं-खिडक्या वजा केल्या तरी मध्यम आकाराची वीस-पंचवीस चित्रं श्वास घेता येईल इतक्या अंतरानं लागतात. चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास ठेवायचा, म्हणजे उभ्या माणसाची नजर सरळ त्यावर पडते. येणारा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, एका चित्रावरून दुसऱ्यावर सरकतो, बहुतेक वेळ गप्प असतो. तो खात नाही, पीत नाही, त्यामुळे मुखपट्टी काढायचं त्याला कारणच नसतं. दोन माणसं समोरासमोर येण्यापेक्षा पाठीला पाठ करूनच जास्त वेळ असतात. माणूस एका चित्रापुढे किती वेळ थांबतो, हे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मोजलं गेलं आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी निघाली सुमारे सत्तावीस सेकंद. तिथे जगातली नावाजलेली चित्रं होती. आपण आपल्या पंचवीस चित्रांना तेवढाच वेळ दिला तर एक फेरी अकरा-बारा मिनिटांत संपते. साथीच्या पहिल्या वर्षात जवळचा संपर्क ठरवताना पंधरा मिनिटांची मर्यादा सगळीकडे वापरली जात होती. हे गणित म्हणजे संरक्षणाची हमी नव्हे, विषाणू घड्याळ बघून चालत नाही. पण एवढ्या कमी वेळात, इतक्या गप्पपणे, इतक्या अंतरानं आटोपणारा दुसरा सार्वजनिक व्यवहार कुठला, असं विचारलं तर उत्तर सापडायला वेळ लागेल.

गप्प राहण्याला मी इतकं महत्त्व का देतो आहे? मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट खोऱ्यातलं एक समूहगान मंडळ अडीच तासांच्या तालमीला जमलं. ६१ जण होते. त्यातले ५३ जण आजारी पडले, दोन दगावले. त्यांनी आपसात फारशी जवळीक केली नव्हती, ते फक्त मोकळ्या गळ्यानं गात होते. बोलताना आणि गाताना तोंडातून सूक्ष्म थेंब शांत श्वासापेक्षा कितीतरी जास्त बाहेर पडतात आणि बंद हवेत तरंगत राहतात, हे या घटनेनं जगाला पटवून दिलं. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेला उद्देशून हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष द्या असं जाहीर पत्र लिहिलं. त्या दिवसापासून जागांची प्रतवारी बदलायला हवी होती. तिथे किती माणसं, किती वेळ, किती बोलतात, मुखपट्टी लावून की काढून, आणि हवा किती खेळते, या पाच गोष्टींवर ती ठरायला हवी होती. आपल्याकडे ती पुढेही जागेच्या नावावरूनच ठरत राहिली. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१च्या फेब्रुवारीत नेमकी अशीच, हवेच्या हिशेबानं प्रतवारी केली. मुखपट्टी घातलेल्या गिऱ्हाइकांचं सुपरमार्केट त्यांनी एक धरलं, तर क्षमतेच्या तीस टक्के माणसं मुखपट्टीसह असलेलं संग्रहालय किंवा नाट्यगृह निम्म्यावर आलं, आणि निम्मी भरलेली खाणावळ दोनच्याही वर गेली. याच कसोटीवर आपली यादी तपासली, तर ५ ऑक्टोबरला निम्म्या क्षमतेचं हॉटेल आणि १० नोव्हेंबरला कलादालन हा क्रम बरोबर उलटा पडतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो तांत्रिक आहे म्हणून आधी घेतो. मोठं संग्रहालय आणि गावातली लहान खोली यांत फरक नाही का? संग्रहालयाचं छत उंच, हवा पुष्कळ. सहाशे चौरस फुटांच्या वातानुकूलित खोलीत एक बाधित माणूस पुरे. आक्षेप खरा आहे. जानेवारी २०२० मध्ये चीनमधल्या ग्वांगझोच्या एका खाणावळीत शेजारच्या तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांतले दहा जण बाधित झाले आणि वातानुकूलन यंत्राचा झोत त्या टेबलांवर फिरत होता, असं तपासात दिसलं. म्हणून लहान दालनाचं एसी बंद हवं, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या हव्यात, आणि पंखा हवा बाहेर फेकणारा हवा. जलरंगाच्या कागदाला दमट हवा मानवत नाही, हे चित्रकार लगेच सांगतील. पण नाशिकचा हिवाळा कोरडा असतो, आणि मी ज्या महिन्यांबद्दल बोलतो आहे ते ऑक्टोबर ते फेब्रुवारीचेच आहेत. माणसांची संख्या मोजून आत सोडायची हा दुसरा उपाय. फ्रान्समध्ये २०२०च्या नोव्हेंबरअखेर दुकानं उघडली तेव्हा दर गिऱ्हाइकामागे आठ चौरस मीटर जागा असा नियम होता. आपल्या खोलीला तो लावला तर एका वेळी सहा माणसं. पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळ्या धरल्या तर तासाला चोवीस. मधे थोडा वेळ खोली रिकामी ठेवून हवा खेळू दिली तरी दिवसाला शंभर माणसं आरामात होतात. शंभर माणसं! गावातल्या एखाद्या नव्या चित्रकाराच्या प्रदर्शनाला एरवी तरी रोज एवढी कुठे येतात?

माणसं मोजून आत सोडण्याची कल्पना आपल्याकडे परकी नाही. अजिंठ्याच्या रंगीत लेण्यांत एका वेळी मोजकेच लोक सोडायची पद्धत साथीच्या आधीपासून आहे. श्वासातली वाफ आणि कर्बवायू भिंतीवरचे रंग खातात, म्हणून. फ्रान्समधली लास्कोची आदिम चित्रगुहा याच कारणासाठी १९६३ पासून लोकांना बंद आहे. चित्राच्या रक्षणासाठी श्वास मोजायची शिस्त ज्या क्षेत्राला आधीपासून ठाऊक आहे, त्याला माणसाच्या रक्षणासाठी ते मोजणं जड गेलं नसतं. आणि नाशिकनं तर हे बाजारात करून दाखवलं. मार्च २०२१ अखेर, दुसरी लाट चढत असताना, नाशिकच्या पोलिसांनी आणि महापालिकेनं शहरातल्या मुख्य बाजारपेठांत शिरायला माणशी पाच रुपयांची पावती लावली. पावती एका तासाची, तासाहून जास्त रेंगाळला तर पाचशे रुपये दंड. त्या प्रयोगावर टीका झाली, देशभर चर्चाही झाली. पण वेळ ठरवून, माणसं मोजून एखादी जागा चालू ठेवता येते, हे तत्त्व त्या पावतीत होतं. भाजी आणि कापडाच्या गर्दीला लावलेलं तत्त्व सहा माणसांच्या शांत खोलीला लावणं त्याहून कितीतरी सोपं होतं.

दुसऱ्या देशांनी यात काय केलं, तेही बोलकं आहे. फ्रान्सची संग्रहालयं ऑक्टोबर २०२०च्या अखेरीस बंद झाली ती १९ मे २०२१ पर्यंत. पण चित्रं विकणाऱ्या खासगी गॅलऱ्या कायद्यानं दुकानं ठरल्या, आणि नोव्हेंबरअखेरीस इतर दुकानांबरोबर उघडल्या. इंग्लंडमध्येही २०२१ साली खासगी गॅलऱ्या १२ एप्रिलला आणि संग्रहालयं १७ मेला उघडली. त्यामुळे पॅरिसमध्ये त्या हिवाळ्यात चित्र प्रत्यक्ष पाहायचं तर लोक लहान गॅलऱ्यांत गेले. मुंबईतल्याही काही खासगी गॅलऱ्यांनी वेळ ठरवून, मोजक्या माणसांना बोलावून दारं किलकिली केली. आपण दुकान आहोत, हे त्यांना सांगता येत होतं. तालुक्याच्या गावात अशी खासगी गॅलरी नसते. तिथे जागा सार्वजनिक असते: नगरपरिषदेचं सभागृह, वाचनालयाचा वरचा मजला, शाळेची मोठी खोली. ती दुकान नाही, म्हणून दुकानाबरोबर उघडत नाही. म्हणजे नियमाचा अर्थ असा झाला की ज्याला विकत घेणारा श्रीमंत रसिक ठाऊक आहे त्याचं चित्र दिसेल, आणि ज्याला फक्त बघणारा हवा आहे त्याचं दिसणार नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप नैतिक आहे. माणसं मरत असताना चित्रांच्या प्रदर्शनाची चर्चा करायची कशी? २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली, रुग्णांचा पुरवठा तुटला आणि काही वेळात बावीस जणांचा जीव गेला. त्या आठवड्यात जिल्ह्यातल्या घराघरांत कुणी ना कुणी खाट मिळवण्यासाठी, इंजेक्शनसाठी, सिलिंडरसाठी फोन करत होतं. त्या दिवसांत कलादालन उघडं असायला हवं होतं, असं मी म्हणत नाही आणि कुणीही म्हणू नये. केरळात अलप्पुळा इथे १८ एप्रिल २०२१ रोजी ‘लोकमे तरवाडु’ हे अडीचशेहून अधिक चित्रकार-शिल्पकारांचं प्रदर्शन उघडलं आणि लाट येताच बंद करावं लागलं. ऑगस्टमध्ये ते पुन्हा उघडलं. हीच रीत योग्य. लाट चढली की बंद, ओसरली की लगेच उघडायचं. माझा वाद आहे तो ओसरलेल्या महिन्यांबद्दल. २०२०च्या ऑक्टोबरपासून २०२१च्या फेब्रुवारीपर्यंत, आणि पुन्हा २०२१च्या ऑगस्टपासून. या महिन्यांत लग्नं लागत होती, हॉटेलं भरत होती, लासलगाव-पिंपळगावला कांद्याचे लिलाव होत होते. तेव्हा प्रश्न जीव की चित्र असा नव्हताच. कुठल्या जागा आधी उघडायच्या, एवढाच होता. त्यात जिचा धोका कमी तिची पाळी आधी यायला हवी होती.

आणि त्या महिन्यांत चित्रं बघण्याची गरज कमी नव्हती, उलट जास्त होती. घरात महिनोन्‌महिने कोंडलेल्या माणसाला, ज्यानं आपलं माणूस शेवटचं पाहिलंही नाही त्याला, बोलावं न लागता, कुणाच्या सांत्वनाला उत्तर द्यावं न लागता, दहा मिनिटं दुसऱ्या कुणाच्या तरी पाहण्यात उभं राहता यावं अशी जागा गावात असणं ही चैन नाही. देवळं १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली तेव्हा लोकांच्या मनाला आधार हवा, हा युक्तिवाद सरकारनं मान्य केलाच होता. तो इथेही लागू पडतो.

ऑनलाइन प्रदर्शनांनी हे काम केलं नाही का, असं पुढे विचारलं जातं. काही प्रमाणात केलं. एप्रिल २०२० मध्येच देशातल्या काही आघाडीच्या गॅलऱ्यांनी एकत्र येऊन ‘इन टच’ हे ऑनलाइन प्रदर्शन सुरू केलं. इंग्लंडमध्ये मॅथ्यू बरोज या चित्रकारानं मार्च २०२० मध्ये एक साधी योजना काढली: दोनशे पौंडांपर्यंतचं काम इन्स्टाग्रामवर मांडायचं, हजार पौंडांची विक्री झाली की त्यातल्या दोनशेंचं दुसऱ्या चित्रकाराचं काम घ्यायचं. ती जगभर पसरली आणि तिनं अनेकांची चूल पेटती ठेवली. याचं श्रेय द्यायलाच हवं. पण मोठा हिशेब वेगळं सांगतो. आर्ट बाझल आणि यूबीएसच्या अहवालानुसार जगाचा कलाबाजार २०२० मध्ये बावीस टक्क्यांनी घसरून सुमारे ५० अब्ज डॉलरवर आला, आणि त्यातली ऑनलाइन विक्री मात्र दुप्पट होऊन १२ अब्जांवर गेली. हा ऑनलाइन पैसा कुणाकडे वळला असेल, याचा अंदाज एका उदाहरणावरून येतो. मार्च २०२१ मध्ये, साथ चालू असताना, सॅफ्रनआर्टच्या लिलावात नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचं १९६१चं चित्र जवळपास चाळीस कोटी रुपयांना गेलं आणि भारतीय चित्राच्या किमतीचा तेव्हाचा विक्रम झाला. गायतोंडे मोठे चित्रकार, त्या किमतीबद्दल कुणाला खेद वाटायचं कारण नाही. पण पडद्यावर चित्र पाहून बोली लावता येते ती ज्याचं नाव, ज्याचा हात, ज्याची पत आधीपासून ठाऊक आहे त्याच्यासाठी. अनोळखी चित्रकाराच्या कामाला पडदा न्याय देत नाही. तिथे तीन बाय चार इंचांच्या चौकटीत तेलरंगाचा जाड थर आणि जलरंगाचा पातळ हात सारखेच दिसतात. पाच फुटांचं चित्र आणि पोस्टकार्ड एकाच मापाचं होतं. चित्र किती मोठं आहे हे अंगाला कळावं लागतं, त्यासाठी अंगानं तिथे असावं लागतं.

साथीत चित्रं घरोघर पोहोचवण्याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रयोग सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि तोही हेच सांगतो. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछाप छापखाना काढला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९७च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला, तोच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं पुन्हा उगारला. प्लेगनं माणसं पळवली, धंदे विस्कटले, आणि रविवर्म्यांचा छापखाना अखेर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती देवघरांच्या आणि पेढ्यांच्या भिंतींवर जाऊन बसल्या. मग भिंतीवरच्या मूळ चित्राची गरज काय, असं वाटेल. पण क्रम पाहा. त्याआधी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी केलेली रविवर्म्यांची पौराणिक चित्रं मुंबईत लोकांना प्रत्यक्ष दाखवली गेली होती आणि ती पाहायला लोक लोटले होते. आधी भिंत, मग छाप. आपल्या दिवाळी अंकांचाही हाच अनुभव आहे. १९४५ साली ‘दीपावली’ काढणाऱ्या दीनानाथ दलालांनी मुखपृष्ठावरून मराठी घरात चित्र आणलं, पण त्यामागे कला शिकवणाऱ्या संस्था आणि चित्रं मांडणाऱ्या भिंती उभ्या होत्या. मुंबईत केकू गांधी आपल्या फ्रेमच्या दुकानात नव्या चित्रकारांची कामं मांडायचे. तिथून पुढे १९६३ मध्ये गॅलरी केमोल्ड उभी राहिली. ज्या फ्रेमवाल्याच्या दुकानाचा उल्लेख सुरुवातीला केला, तसंच एक दुकान भारतीय आधुनिक चित्रकलेची एक पहिली भिंत होतं. यावरून भिंत केवढी लागते, तेही कळतं. फार मोठी लागत नाही.

चित्रप्रदर्शनं बघतं कोण, मूठभर लोक. त्यांच्यासाठी सार्वजनिक पैसा आणि शासनाचं डोकं कशाला खर्ची घालायचं, असा एक आक्षेप नेहमी येतो. त्याला सरळ उत्तर आहे. जहांगीर कलादालनात १९५२ पासून कुणालाही फुकट जाता येतं, आणि तिथे सेल्समन, कॉलेजची मुलं, कोर्टाच्या कामाला आलेले पक्षकार शिरतात. जिथे दार असतं तिथे लोक शिरतात. ओझरात चित्र बघणारे नाहीत असं म्हणणाऱ्यानं गणपतीत मांडवापुढची रांग पाहावी. देखावा नीट रंगवला आहे की उरकला आहे, यावर तिथे तासन्‌तास चर्चा चालते. ही नजर तयारच आहे. तिला वर्षातले दहा दिवस मिळतात.

एका आक्षेपाला मात्र पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. प्रेक्षक पंधरा मिनिटांत जातो, पण दालनाचा राखणदार आठ तास त्याच हवेत बसतो. सगळ्यांचा मिळून जो थोडा थोडा धोका, तो एकट्याच्या वाट्याला येतो, आणि तो बहुधा कंत्राटी, कमी पगाराचा माणूस असतो. त्याची खुर्ची दाराजवळ, खिडकीच्या वाऱ्यात हवी. पाळी चार तासांची हवी. चांगल्या प्रतीची मुखपट्टी दालनानं द्यायला हवी. लस आली तेव्हा दुकानातल्या नोकरांबरोबर त्याचा विचार व्हायला हवा होता. यानं धोका कमी होतो, शून्य होत नाही. किराणा दुकानातल्या पोऱ्यानं जो धोका पत्करला तो आपण गरज म्हणून मान्य केला. दालनाच्या राखणदाराला तो पत्करायला सांगताना त्याची संमती, विमा आणि आजारपणाची भरपगारी रजा या तीन गोष्टी आधी ठरल्या पाहिजेत. त्या न ठरवता दालन उघडणं मला मान्य नाही. आणि उद्‌घाटन समारंभ, दीपप्रज्वलन, पाहुणे, भाषणं, चहा हे साथीत पूर्ण वर्ज्य. चित्रप्रदर्शनातला खरा धोका त्या एका संध्याकाळीच असतो.

हे सगळं आता का लिहायचं? कारण नियम शांततेच्या काळातच लिहायचे असतात. भारताच्या विधी आयोगानं फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८६व्या अहवालात १८९७चा साथरोग कायदा अपुरा असल्याचं सांगितलं आणि साथीच्या आधीच कृती आराखडा तयार ठेवा अशी शिफारस केली. केंद्र आणि राज्य असा आराखडा लिहायला घेतील तेव्हा त्यात जागांची यादी नावानं नको. माणशी किती जागा, किती वेळ, बोलणं किती, मुखपट्टी की नाही, हवा कशी, या पाच रकान्यांची हवी. त्या रकान्यांत लहान कलादालन, वाचनालय, अभ्यासिका आपोआप वरच्या ओळीत येतील. दृश्यकलेच्या संस्थांनी, कलाशिक्षकांच्या संघटनांनी ही मागणी सरकारपुढे लेखी मांडायला हवी.

आणि ओझरच्या नगरपरिषदेला, टाऊनशिपच्या व्यवस्थापनाला एक विनंती. गावात सहाशे चौरस फुटांची एक खोली चित्रांसाठी राखून ठेवा. समोरासमोरच्या दोन भिंतींना उंचावर खिडक्या, बाहेर हवा फेकणारे दोन पंखे, भिंतीवर वरून चित्रं लटकवायची पट्टी, पांढरा रंग, साधे दिवे, आणि वर्षभराची पाळी लावणारी एक वही. पहिला आठवडा गावातल्या कलाशिक्षकांना द्या, दुसरा एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना.